पाण्यावरची चकाकी नंतर पुसता येत नाही

दिवाळी उलटली की मालवणच्या किनाऱ्याला पाणी निवळतं. धक्क्यावर उभं राहून खाली पाहिलं तरी तळ दिसेल इतकं ते नितळ असतं, पण फोटो काढला की त्यात येतो तो नुसता पांढरा झगमगाट. अशा वेळी लेन्सवर पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाश अडवणारी फिरती काच, लावून त्याची पुढची कडी हळूहळू फिरवा. एका ठरावीक जागी चकाकी विरते आणि तळचे काळे खडक, त्यांच्यावरचं शेवाळ, मधूनच सुळकन जाणारा लहान माशांचा थवा दिसू लागतो. कडी आणखी पाव फेरा फिरवली की पुन्हा सगळं पांढरं.

हाच झगमगाट असलेला फोटो घरी आणून संगणकावर कितीही घोळला तरी तो तळ सापडणार नाही. हे सॉफ्टवेअरचं अपयश नाही. ती माहिती फोटोत नोंदलीच गेलेली नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला एवढंच मोजतो. रंग कळावा म्हणून त्याच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरची बारीक जाळी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना १९७६ साली तिचं पेटंट मिळालं, आणि आज बहुतेक कॅमेऱ्यांत आणि फोनमध्ये तीच किंवा तिचंच भावंड असतं. तिच्यातून तीव्रता कळते, रंग कळतो. प्रकाशाची लहर कोणत्या दिशेने कंप पावत होती, हे मात्र सेन्सरला अजिबात कळत नाही.

फिल्टर घेताना मी इतरांना हीच कसोटी लावायला सांगतो. जी गोष्ट सेन्सर नोंदवत नाही ती काचेनेच निवडायला हवी. जी तो नोंदवतो तिच्यासाठी काच विकत घेण्याआधी दोनदा विचार करावा. दुकानात फिल्टरचं भलंमोठं पाकीट समोर येतं तेव्हा ह्या कसोटीवर त्यातले अर्धेअधिक तिथेच गळतात.

थेट सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशात कंपनांच्या सगळ्या दिशांची सरमिसळ असते. पाण्यावर तिरका पडून परत फिरलेल्या प्रकाशात मात्र पृष्ठभागाला समांतर, म्हणजे आडव्या कंपनांचा भरणा होतो. हाच ध्रुवित प्रकाश. १८०८ साली पॅरिसमध्ये एतियेन-लुई मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारा मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला आणि त्यांच्या हे ध्यानात आलं. पुढे १८१५ साली डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याचा नियम मांडला. प्रत्येक पारदर्शक पदार्थासाठी एक कोन असा असतो की त्या कोनात परावर्तित झालेला प्रकाश पूर्ण ध्रुवित असतो. पाण्यासाठी हा कोन लंबापासून सुमारे ५३ अंशांचा आहे.

ह्या कोनाचा एक सोपा हिशेब मला फार उपयोगी वाटतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाणी प्रकाश किती वळवतं याचं माप, १.३३ आहे आणि ब्रूस्टरच्या कोनाची स्पर्शज्या (टॅन) नेमकी तेवढीच असते. म्हणून तुमचा कॅमेरा पाण्यापासून जितका उंच, त्याच्या एक आणि एक तृतीयांश पट अंतरावरच्या पाण्यावर पोलरायझर सर्वांत चांगला चालतो. दीड मीटर उंचीवरून दोन मीटरवरचं पाणी स्वच्छ दिसेल. सिंधुदुर्गच्या नऊ मीटर उंचीच्या तटावरून बारा मीटरवरचं. त्याच्या बरंच पलीकडे, क्षितिजाकडे, चकाकी थोडीफार कमी होईल पण जाणार नाही. वारा सुटून पाणी खवळलं असेल तर प्रत्येक लाटेचा उतार वेगळा, म्हणून कोन वेगळा, आणि मग परिणामही अर्धामुर्धाच मिळतो.

ह्या किनाऱ्याशी जोडलेला एक मोठा प्रयोग इथे सांगायलाच हवा. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परतत होते. खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांचं मत तेव्हा मान्य होतं. रामन यांनी निकोलचा लोलक, म्हणजे एकाच दिशेची कंपनं पलीकडे जाऊ देणारा स्फटिक, डोळ्याला लावून योग्य कोनातून समुद्र पाहिला, म्हणजे पृष्ठभागावरचं प्रतिबिंब बाजूला केलं. निळाई गेली तर नाहीच, उलट आणखी खुलली. रंग पाण्याच्या आतूनच येत होता. 'नेचर' नियतकालिकाला त्यांनी जे पत्र पाठवलं त्यावर ठिकाण आहे मुंबई बंदर आणि तारीख २६ सप्टेंबर. प्रकाशाच्या विकिरणावरचं त्यांचं पुढचं काम त्यांना १९३० च्या नोबेलपर्यंत घेऊन गेलं. आज काही हजारांत मिळणारी फिरती काच त्या लोलकाचंच काम करते, आणि ती हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात पोलरायझर पेटीत ठेवून देणारे पुष्कळ जण भेटतात. तसं करू नका. श्रावणात सड्यावरची रानफुलं, माडाच्या झावळ्या, पोफळीच्या बागा हे सगळं ओलं असतं, आणि पानांवरचा मेणाचा थर व पाण्याचा पापुद्रा मळभाचा पांढुरका उजेड परत फेकतो. तो कापला की पानाचा स्वतःचा हिरवा रंग बाहेर येतो. संगणकावर सॅच्युरेशन वाढवलं तर असलेला रंग ताणला जातो, पानावरचा पांढरा डाग मात्र तसाच राहतो आणि भोवतीचा हिरवा विषारी दिसू लागतो. फक्त इंद्रधनुष्य दिसत असेल तेव्हा कडी जपून फिरवा. त्याचा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो, त्यामुळे चुकीच्या कोनात ते फोटोतून चक्क नाहीसं होतं.

मासळीबाजारात आणखी एक गंमत दिसते. पाटीतल्या ओल्या कोळंबीवरची चमक पोलरायझरने उतरते, पण तारलीचा रुपेरी झळाळ तसाच राहतो. सार्डिन आणि हेरिंग ह्या माशांच्या त्वचेत ग्वानिनच्या स्फटिकांचे दोन प्रकारचे थर असतात आणि त्यांच्यामुळे परावर्तित प्रकाश ध्रुवित होत नाही, असं ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं. आपली तारली त्याच गोतावळ्यातली.

आकाशासाठीही हा फिल्टर वापरतात, आणि तिथे कोकणचा नकाशा मदतीला येतो. निळ्या आकाशाचा प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक ध्रुवित असतो. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला समुद्रावर टेकलेला असताना हा पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. आपला किनाराही उत्तर-दक्षिणच. म्हणून पुळणीवर उभं राहून किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने कॅमेरा धरला की आकाश सर्वांत गडद येतं, आणि थेट सूर्यास्ताकडे धरला की फिल्टर काहीच करत नाही, दीड-दोन स्टॉप उजेड तेवढा खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्म्यावर). फार रुंद दृश्य टिपणारी (वाइड-अँगल) लेन्स मात्र टाळा. आकाशाच्या मधोमध गडद निळा ठिगळ आल्यासारखा दिसतो.

फोन वापरणाऱ्यांनी ध्रुवित काचांचा गॉगल फोनच्या लेन्ससमोर धरून फिरवला तरी काम होतं. स्वस्तातला फिल्टर खरा आहे का हे पाहायचं असेल तर तो कॅमेऱ्याला लावतो त्याच बाजूने धरून लॅपटॉपच्या एलसीडी पडद्याकडे पाहा आणि फिरवा. पडदा एका कोनात काळाठिक्कर व्हायला हवा.

आता एनडी, म्हणजे नुसता उजेड कमी करणारी करडी काच. दहा स्टॉपची काच प्रकाश १०२४ पटींनी घटवते, त्यामुळे सेकंदाच्या साठाव्या भागाचं एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, सुमारे १७ सेकंदांवर जातं. हरिहरेश्वरच्या खडकांवर आदळणाऱ्या लाटा मग धुकं होऊन बसतात. ह्या कामाला आता निम्मा पर्याय आहे. ट्रायपॉडवरून पाठोपाठ बरेच फोटो घेऊन त्यांची सरासरी काढली तर पाणी तसंच मऊ येतं, शिवाय सोळा फोटोंच्या सरासरीत गोंगाट, म्हणजे फोटोतले नको ते दाणेदार ठिपके, चौपट कमी होतो. फोनमधला लाँग एक्स्पोजरही असाच बनतो. दोन फोटोंमधल्या फटीत जे घडलं ते मात्र सुटतं, त्यामुळे रात्री जाणाऱ्या होडीच्या दिव्याची रेघ तुटक तुटक येते.

समुद्राचं धुकं करणं मला स्वतःला पटत नाही. ते कुठल्याही समुद्राचं चित्र होऊ शकतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळूत इल्मेनाइट हे काळं खनिज आहे. लाट मागे सरताना ते हलक्या वाळूपासून वेगळं होऊन नक्षी काढतं. पाव ते अर्धा सेकंद एवढंच एक्स्पोजर ठेवलं तर त्या काळ्या रेघा ठसठशीत राहतात आणि फेसाचे पांढरे धागे त्यांच्यावरून ओढल्यासारखे दिसतात. त्यासाठी तीन ते सहा स्टॉपची एक काच पुरते.

वर गडद आणि खाली पारदर्शक असलेला ग्रॅड फिल्टर मी आज कुणालाही सुचवणार नाही. समुद्राचं क्षितिज सरळ असतं खरं, पण मध्ये एखादा माड किंवा डोंगराचं नाक आलं की त्याचा वरचा भाग विनाकारण काळा पडतो. हे काम रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, जास्त चांगलं करते, मात्र एक्स्पोजर विचार करून दिलेलं हवं. सेन्सरचा बिंदू म्हणजे पागोळीखाली ठेवलेलं भांडं समजा. ते काठोकाठ भरल्यावर आणखी किती पाणी पडलं हे सांगता येत नाही. आकाश एकदा पांढरं फटक झालं की ते परत येत नाही. सावली काळी वाटली तरी तिच्यात बरंच काही शिल्लक असतं. म्हणून आकाश सांभाळून फोटो घ्या आणि सावल्या नंतर उजळा.

सूर्यास्ताच्या वेळी हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा पाहायची सवय लावा. एकत्रित आलेख सुरक्षित दिसत असताना लाल रंगाचं भांडं आधीच भरलेलं असतं. मग नारिंगीच्या सगळ्या छटा एकाच सपाट पिवळ्यात जमा होतात, आणि त्यांना वेगळं करणारी कुठलीही किल्ली संपादनात नाही.

रॉचं महत्त्व आकड्यांत दिसतं. १४ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. शिवाय सेन्सरची नोंद सरळ रेषेत चालते: सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला निम्म्या पायऱ्या, पुढच्याला त्याच्या निम्म्या, आणि असं खाली जात काळोखाला मोजक्याच. संधिप्रकाशाचं आकाश जेपेगवर ताणलं की त्यात पट्टे पडतात ते पायऱ्या कमी असल्यामुळेच.

रंगीत फिल्टर आता घरी ठेवायला हरकत नाही, कारण रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेला रंगांचा मेळ, नंतर ठरवता येतो. अपवाद पाण्याखालचा. पाणी लाल प्रकाश शोषून घेतं, म्हणून तारकर्लीला बुडी मारून काढलेले फोटो हिरवट-निळे येतात. लाल फिल्टर गेलेला लाल परत आणत नाही. तो निळा आणि हिरवा कमी करतो, म्हणजे जास्त एक्स्पोजर देता येतं आणि उरलासुरला लाल गोंगाटात बुडत नाही.

संपादनात सर्वांत जास्त जपायला हवं ते कातळशिल्पांच्या बाबतीत. उक्षी, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथली ही खोदचित्रं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली आणि तेव्हापासून त्यांचे फोटो सगळीकडे फिरतात. जांभ्याचा तांबडा रंग पूर्ण चौकटभर असला की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. दृश्यातल्या रंगांची सरासरी करडी यावी अशा अंदाजावर तो चालत असल्याने कातळ राखाडी-निळसर करून टाकतो. चौकटीच्या कडेला करडं कार्ड ठेवून एक फोटो घेतला की रंग बिनचूक लावता येतो. खोदलेल्या रेषा उठून दिसण्यासाठी सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन पुरतं. दुपारी बाराला त्या जवळजवळ दिसत नाहीत.

ते ऊन चुकलं म्हणून क्लॅरिटी आणि शार्पनिंगची पट्टी शेवटपर्यंत ओढणं मला गैर वाटतं. ही साधनं शेजारच्या बिंदूंमधला फरक वाढवतात आणि कडेला उजळ-काळी किनार तयार करतात. जांभा मुळात सच्छिद्र आणि खडबडीत. त्यातली नैसर्गिक भेग अशा संपादनानंतर माणसाने खोदलेल्या रेषेसारखी दिसू शकते, आणि फोटोवरून आकृती उतरवून घेणारा अभ्यासक तिलाही शिल्पाचा भाग समजू शकतो. रॉ फाइल तशीच जपा, संपादित प्रत वेगळी ठेवा, आणि कुणाला अभ्यासासाठी देताना दोन्ही द्या. शेजारी मोजपट्टी ठेवलेला एक फोटोही असू द्या.

राहिला यूव्ही फिल्टर. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडवणारी काच मुळातच असते, त्यामुळे फोटो सुधारण्यासाठी त्याचा उपयोग नगण्य. कोकणात तो लावायचा तो खाऱ्या वाऱ्यापासून लेन्स वाचवायला, आणि लावायचाच तर बहुस्तरीय लेप असलेला. बिनलेपाच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. दोन्ही बाजू मिळून आठ टक्के, आणि सूर्य चौकटीत असला की तोच प्रकाश हिरव्या ठिपक्यांच्या रूपात फोटोत उतरतो. म्हणून सूर्यास्ताच्या वेळी मी तो काढून ठेवतो.

समुद्रावरून आल्यावर फिल्टर कोरड्या कापडाने कधीच पुसू नका. वाळलेल्या मिठाचे कण आणि वाळू त्यावरचा लेप खरवडतात. आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने मीठ विरघळवून टिपून घ्या आणि शेवटी कोरडं कापड फिरवा. पोलरायझर नळाखाली धरू नका. दोन काचांमधल्या पडद्यात कडेने पाणी शिरलं तर तो कायमचा जातो. त्याची कडी करकरायला लागली असेल तर आत वाळू आहे, आणि जोर करून फिरवण्याआधी ती ब्लोअरने काढायला हवी.