जांघेत मार लागल्यानंतर ताठरता येत नसेल तर: गोळी मागण्याआधी हे वाचा

आमच्या मेडिकलमध्ये रात्री शटर अर्धं ओढायच्या वेळेला एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. आधी डोकेदुखीची पट्टी मागतं, मागं वळून बघतं आणि बाकीचे गेले की हळूच म्हणतं, "ती निळी गोळी आहे का? मित्राला पाहिजे." मित्राला काय झालंय म्हणून विचारलं की बऱ्याचदा अपघाताची गोष्ट निघते. होटगी रोडवर गाडीचा ब्रेक करकचून लागला आणि तो पुढं सरकून पेट्रोलच्या टाकीवर आदळला. सायकलच्या दांडीवर पडला. मागावरचा धोटा उडून जांघेत बसला. हातपाय बरे झाले, कामावरही रुजू झाला, पण 'ते' पूर्वीसारखं होत नाही. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी गत. पिशवीत हे पत्रक घडी घालून देतो. घरी निवांत वाचा.

मार आज-कालच लागला असेल तर मात्र वाचत बसू नका. लघवीच्या तोंडाशी रक्त दिसतंय, लघवी अडलीय, अंडकोष सुजून काळानिळा पडलाय, किंवा संबंधाच्या वेळी 'कट्' असा आवाज होऊन ताठरता एकदम गेली आणि सूज आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिव्हिलचा अपघात विभाग गाठा. अंडकोष फाटला असेल तर पहिल्या तीन दिवसांत शस्त्रक्रिया झाली की तो वाचण्याची शक्यता जास्त. त्याला पीळ बसला असेल तर हातात जेमतेम सहा तास असतात. वाटेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. तेल चोळणं, गरम विटेचा शेक, ओळखीच्या कंपाउंडरकडून नळी घालून घेणं, यातलं काहीही करू नका. लघवीची नलिका फाटलेली असेल तर आंधळेपणानं घातलेली नळी ती आणखी फाडते.

आता जुन्या दुखण्याकडं. सोलापूरकराला पाण्याचं गणित शिकवायला नको, म्हणून त्याच भाषेत सांगतो. लिंगाच्या आत स्पंजासारख्या दोन लांब टाक्या असतात. मनात इच्छा झाली की नसांमधून निरोप जातो, तिथं नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, रक्तवाहिनीचा वॉल्व्ह उघडतो आणि टाक्या भरतात. भरल्या की बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त आत टिकतं. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागावर जोराचा मार बसला की ही मेन लाइन जांघेच्या हाडावर चेंगरते. पाणी सुटलंय, पण टाकी भरत नाही. कमरेचं हाड मोडलं असेल तर वॉल्व्ह उघडायचा निरोप नेणारी नसच तुटलेली असू शकते. क्वचित टाकी भरते पण गळते. तक्रार तिन्हींत एकच, इलाज मात्र वेगळे.

चौथं कारण म्हणजे धास्ती. एकदा जमलं नाही की दुसऱ्या वेळी माणूस स्वतःचीच परीक्षा घेत बसतो. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. पहाटे ती चांगली येत असेल तर बहुतेक वेळा लाइन शाबूत आहे असं समजायला हरकत नाही. डॉक्टर हे विचारणारच, तेव्हा आठवडाभर लक्ष ठेवून जा.

उलटीही तक्रार असते. मार लागल्यानंतर लिंग अर्धवट ताठ राहतं, दुखत नाही, पण दिवसेंदिवस उतरतही नाही. आत धमनी फुटून रक्त सारखं टाकीत पडत असतं. दुखत नाही म्हणून लोक अंगावर काढतात, काढू नका. आणि दुखणारी ताठरता चार तासांच्या वर टिकली तर ती तातडीचीच बाब.

आता त्या निळ्या गोळीविषयी. तिच्यातलं औषध सिल्डेनाफिल. ते मुळात छातीदुखीवरचं औषध म्हणून तपासलं जात होतं, १९९८ मध्ये ते या कामासाठी बाजारात आलं. ते वॉल्व्ह उघडा राहायला मदत करतं, पण निरोप आधी यावा लागतो. नस पूर्ण तुटलेली असेल तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही. मग माणूस एकाच्या दोन घेतो आणि डोकं धरून बसतो. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांनी, किंवा नायट्रेटची दुसरी कुठलीही गोळी घेणाऱ्यांनी ही गोळी घ्यायचीच नाही. रक्तदाब एकदम कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. म्हणून चिठ्ठी नसेल तर आम्ही देत नाही. कायदाही तेच सांगतो. रस्त्याकडेच्या तंबूतली 'जडीबुटी पॉवर कॅप्सूल' तर नकोच. अशा कॅप्सूल तपासल्यावर आत सिल्डेनाफिलच भरलेलं निघाल्याची उदाहरणं अनेक देशांत आहेत, आणि किती भरलंय ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

जायचं युरॉलॉजिस्टकडं, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडं. ते बहुधा डॉपलर सोनोग्राफी सांगतील. लिंगाला बारीक सुईनं औषध देऊन ताठरता आणतात आणि रक्त किती वेगानं येतंय ते मोजतात. सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर धमनीत अडथळा असल्याचा संशय. सुईची भीती सगळ्यांनाच वाटते, पण ती इन्सुलिनच्या सुईएवढीच असते. दोन्ही अंडकोषांना मार असेल तर सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोनही बघतात.

पुढं गोळी, व्हॅक्युम पंप, घरी घ्यायचं इंजेक्शन, असं पायरीपायरीनं जातात. पंपानं ताठरता आणल्यावर ती टिकावी म्हणून लिंगाच्या मुळाशी चढवायची रिंग अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही, हे विकताना आम्ही दोनदा सांगतो. वय कमी, बाकी तब्येत ठणठणीत आणि एकाच ठिकाणी धमनी चेंगरलेली असेल, तर पोटाच्या भिंतीतली रक्तवाहिनी वळवून जोडायची शस्त्रक्रिया काही मोजक्या ठिकाणी होते. कशानंच भागलं नाही तर शस्त्रक्रिया करून लिंगाच्या आत बसवायचं इम्प्लांट आहे. कमरेचं हाड मोडलेल्यांनी मात्र घाई करू नये. काहींच्या नसा दीड-दोन वर्षांपर्यंत हळूहळू सावरतात, आणि तोवर डॉक्टर पंप-गोळ्यांवर ठेवतात.

दवाखान्यात जाताना अपघाताच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे शोधून घ्या. साखर आणि बीपीच्या गोळ्यांची पाकिटंही बरोबर असू द्या, कारण दोष कधी कधी अपघाताचा नसून त्या आजारांचा किंवा गोळ्यांचा निघतो. आमच्याकडं येताना दुपारी दोन ते चार या, तेव्हा गर्दी नसते. काउंटरवर मोठ्यानं काही बोलायची गरज नाही, चिठ्ठी उलटी ठेवली तरी आम्हाला कळतं. वहिनी आल्या तरी चालेल. खरं सांगायचं तर त्याच जास्त नीट विचारतात.