माबॉन: शरद संपाताचा सण आणि टॅरोतली तूळ

विक्का आणि इतर पेगन पंथांच्या, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेवरून प्रेरणा घेणाऱ्या आधुनिक पंथांच्या, वर्षचक्रात आठ सण असतात. त्यांतला शरद संपाताचा, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात तेव्हाचा सण म्हणजे माबॉन. तो केल्ट लोकांचा प्राचीन उत्सव असल्याचं सर्रास सांगितलं जातं, पण त्याला पुरावा नाही. जुन्या आयरिश साहित्यात ठळकपणे दिसतात ते इम्बोल्क, बेल्टेन, लूनासा आणि सावन हे चारच. त्यांच्या जोडीला दोन संपात आणि दोन अयनदिन (वर्षातले सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) तितक्याच थाटाने साजरे होऊ लागले ते 1950 च्या दशकाच्या अखेरीस, इंग्लंडमध्ये विक्का पुढे आणणाऱ्या जेराल्ड गार्डनर यांच्या अनुयायांत.

नाव तर त्याहून नवं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातले एडन केली पेगन दिनदर्शिका तयार करत होते. शरद संपाताला साजेसं नाव शोधताना त्यांनी वेल्श कथेतला माबॉन निवडला. जन्मानंतर तिसऱ्या रात्री आईपासून हिरावलेला, पुढे राजा आर्थरच्या माणसांनी कैदेतून सोडवलेला हा मुलगा. मूळ कथेत संपाताचा उल्लेख नाही. केलींच्या डोळ्यांसमोर होती ग्रीकांची पर्सेफोनी, पाताळात नेलेली लेक.

जुनी आहे ती सुगी. इंग्लंडमध्ये शेवटची गाडी खळ्यावर आली की मालक आणि मजूर एकत्र जेवत. त्याला ठरलेली तारीख नसे, ते पावसापाण्यावर अवलंबून. तारीख होती ती 29 सप्टेंबरच्या मायकलमसला, म्हणजे संत मायकलच्या सणाला, खंड आणि हिशेब चुकते करण्याची. चर्चमधला आजचा सुगीचा सोहळाही तसा अलीकडचाच. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या पाद्रींनी 1843 मध्ये तो सुरू केला.

टॅरो म्हणजे आज भविष्य पाहायला वापरतात तो पत्त्यांचा संच. त्याचा प्रवास वेगळाच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे 78 पत्ते खेळण्यासाठी निघाले. ते इजिप्तच्या पुरोहितांचं ज्ञान आहे, हा दावा फ्रेंच लेखक कूर द जेबलँ यांनी 1781 मध्ये केला आणि तो आजही निराधारच आहे. संपाताशी पत्त्यांची गाठ घातली ती 1888 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गुप्त मंडळाने. प्रत्येक संपाताला तिथे विधी होई आणि पुढच्या सहा महिन्यांचा परवलीचा शब्द बदले. मंडळाने पत्त्यांना राशीही वाटून दिल्या. तुळेला न्याय हा पत्ता मिळाला. सिंहेचा पत्ता शक्ती, तो तुळेच्या आधी यावा म्हणून जुन्या क्रमातला आठवा न्याय अकरावा झाला आणि शक्ती आठवी. 1909 च्या, आज सर्वांत प्रचलित असलेल्या वेट-स्मिथ संचात हाच क्रम आहे, त्याहून जुन्या फ्रेंच धाटणीच्या मार्सेय संचात मात्र जुना. म्हणून पत्ता आकड्यावरून नव्हे, तराजू पाहून काढावा. तुळेचे पहिले दहा अंश तलवार या रंगाच्या दुर्रीकडे आहेत: डोळ्यांवर पट्टी, छातीशी दोन तलवारी, मागे समुद्र. माझ्या मते संपाताचं याहून नेमकं चित्र अख्ख्या संचात नाही.

मराठी वाचकांची गफलत नेमकी इथे होते. पाश्चात्त्य तूळ सायन आहे, म्हणजे संपातावरून मोजलेली आणि संपाताच्या क्षणीच सुरू होणारी. आपल्या पंचांगातली निरयण, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली तूळ संक्रांत 17 ऑक्टोबरच्या सुमारास येते, म्हणून तो दिवस इथे चालत नाही. 2026 चा संपात भारतीय वेळेनुसार 23 सप्टेंबरला पहाटे 5:35 ला आहे. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा 22 तारखेची रात्र असेल. ऑस्ट्रेलियातले पेगन बहुधा हा सण मार्चमध्ये करतात, कारण त्यांचा शरद तेव्हा असतो.

संपाताच्या दिवशी पत्ते वाचायच्या मांडणीसाठी न्यायाचा पत्ता मध्ये ठेवावा आणि उरलेले 77 पिसावेत. डाव्या पारड्यात तीन पत्ते, वर्षात पदरी पडलेल्या गोष्टींचे. उजवीकडे तीन, सोडून द्यायच्या गोष्टींचे. खाली एक, हिवाळ्याचा. दोन्ही बाजू पूर्ण मांडून झाल्याशिवाय वाचायला बसू नये. नाहीतर पहिलं पारडं पाहूनच मन कौल देतं आणि दुसरं त्याच्या मागे ओढलं जातं.

सोबत सफरचंद आडवं कापतात, देठ ते तळ असं उभं नाही. तरच बियांच्या पाच कप्प्यांचा तारा दिसतो.

सणासाठी विणायची गव्हाच्या काड्यांची बाहुली सर्वांत जास्त फसते. ओंबीसकट पाच काड्या घ्याव्यात, वरच्या पेरापासूनचा पोकळ भागच वापरावा. कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवून ओल्या पंच्यात गुंडाळाव्यात. कोरडी काडी वळताना तडकते, फार भिजलेली काळी पडते. ओंब्यांखाली बांधून काड्या चारी दिशांना पसराव्यात, एका दिशेला दोन. त्यांतली एक शेजारच्या दोन काड्यांवरून नेऊन ठेवावी, मग ती जिच्यावर विसावली ती काडी उचलून पुढच्या दोघींवरून, असं फिरत राहिलं की पीळ चढतो. काडी संपली की तिच्या पोकळीत नव्या काडीचं बारीक टोक सरकवायचं. आजच्या बुटक्या, भरीव काडीच्या गव्हाला हे जमत नाही. इंग्लंडमधले कारागीर त्यासाठी मॅरिस विजन हे लांब काडीचं जुनं वाण मुद्दाम पेरून घेतात.