डेटाबेस जोडला जात नाही, रिपोर्ट चुकतो : इंदूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या पेढीवरचे बिलिंग आणि स्टॉकचे सॉफ्टवेअर दोन जागी राहते. पडद्यावर दिसणारा प्रोग्राम काउंटरच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर असतो, पण नोंदी एकाच कॉम्प्युटरवर, एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेसमध्ये साठतात. त्याला आपण सर्व्हर म्हणू, मग तो मुनीमजींच्या टेबलावरचा साधा पीसी का असेना. बहुतेक तक्रारी या दोहोंमधल्या वाटेवर उद्भवतात.

म्हणून आधी एकच पाहा: अडचण एका मशीनवर आहे की सगळ्या? सगळ्या अडल्या असतील तर सर्व्हरकडे जा, एकच अडली असेल तर सर्व्हरला हात लावू नका. आणि ‘ओके’ दाबण्याआधी संदेशाचा मोबाइलवर फोटो काढा. ‘एरर येतोय’ एवढ्यावरून काही कळत नाही, त्यातल्या आकड्यावरून जवळजवळ सगळे कळते. प्रोग्राम काढून पुन्हा टाकण्याचा मोह टाळा. दोष बहुधा प्रोग्राममध्ये नसतोच, आणि जोडणीची सेटिंग मात्र पुसली जाते.

सगळ्या मशीन एकदम अडल्या तर

सर्व्हर झोपला आहे का ते पाहा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ हे ‘नेव्हर’ हवे. स्क्रीन बंद झाली तरी चालते. नंतर विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ उघडा. यादीत ‘एसक्यूएल सर्व्हर (एसक्यूएलएक्स्प्रेस)’ पुढे ‘रनिंग’ दिसले पाहिजे. नसेल तर उजवे बटण, ‘स्टार्ट’. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर पुन्हा पुन्हा सुरू करू नका. सी ड्राइव्हवर जागा उरली आहे का ते बघा आणि आम्हाला कळवा.

लाइट जाऊन आल्यावर मात्र थोडे थांबायचे. अचानक बंद पडलेला सर्व्हर उठल्यावर अर्धवट व्यवहार लॉग फाइलवरून (व्यवहारांच्या नोंदवहीवरून) तपासतो, पुरे झालेले पक्के करतो, अर्धे राहिलेले मागे घेतो. तेवढा वेळ डेटाबेस उघडत नाही. त्याच वेळी मशीन पुन्हा रीस्टार्ट केली की ते काम पहिल्यापासून सुरू होते. सर्व्हरला आणि राउटरला, दोघांनाही यूपीएस द्या. राउटरचा यूपीएस लोक विसरतात.

एरर २६ आणि एरर ४०

एक्स्प्रेसचे पूर्ण नाव दोन भागांचे असते: कॉम्प्युटरचे नाव, उलटी तिरकी रेघ, मग ‘एसक्यूएलएक्स्प्रेस’. एम. टी. क्लॉथ मार्केटात नुसते पेढीचे नाव ठाऊक असून भागत नाही, गाळा कोणीतरी दाखवावा लागतो. इथे तो दाखवणारी वेगळी सर्व्हिस आहे, ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’. ती यूडीपी १४३४ या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या क्रमांक दिलेल्या दारावर, उत्तर देते. ती बंद असली किंवा विंडोजच्या पहारेकऱ्याने, म्हणजे फायरवॉलने, तिचे उत्तर अडवले की ‘एरर लोकेटिंग सर्व्हर/इन्स्टन्स स्पेसिफाइड’ म्हणजे एरर २६ येतो. एरर ४० त्याहून मोघम आहे: दारापर्यंत पोहोचलोच नाही, एवढेच तो सांगतो.

दोन्हींवर आमचा पसंतीचा इलाज एकच, पोर्ट कायमचा ठरवून टाकणे. सर्व्हरवर ‘एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर’ उघडा. एक्स्प्रेसमध्ये टीसीपी/आयपी मुळात बंद असते, ते ‘एनेबल’ करा. त्याच्या गुणधर्मांत ‘आयपी ऑल’ या शेवटच्या भागात ‘डायनॅमिक पोर्ट’ची जागा अगदी रिकामी करा (शून्यसुद्धा ठेवू नका) आणि ‘टीसीपी पोर्ट’मध्ये १४३३ लिहा. सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय यातले काहीच लागू होत नाही. मग फायरवॉलमध्ये टीसीपी १४३३ला आत येण्याची परवानगी द्या, तीही फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कपुरती. हा पोर्ट राउटरवरून बाहेर इंटरनेटवर कधीही उघडू नका. शेवटी प्रोग्रामच्या जोडणीत सर्व्हरचे नाव, स्वल्पविराम, १४३३ असे लिहा. इथे विसर्गासारखी दोन टिंबे चालत नाहीत, स्वल्पविरामच लागतो. पोर्ट दिला की ब्राउझर सर्व्हिसची गरज उरत नाही.

नवा राउटर बसवल्यावर विंडोज त्याला अनोळखी समजून नेटवर्क ‘पब्लिक’ ठरवते आणि कालपर्यंत चालणारी परवानगी आज लागू होत नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते ‘प्रायव्हेट’ करा. तसेच जोडणीत नावाऐवजी आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) असेल तर रंगपंचमीच्या सुट्टीत सगळे बंद राहून दुसऱ्या दिवशी राउटर सर्व्हरला वेगळाच पत्ता देऊ शकतो. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता राखून ठेवा.

दोष प्रोग्रामचा की वाटेचा, हे ठरवायला साधी युक्ती आहे. काउंटरच्या मशीनवर रिकामी टेक्स्ट फाइल करा आणि तिचे शेपूट ‘टीएक्सटी’ऐवजी ‘यूडीएल’ करा. फाइलवर दोनदा क्लिक केले की जोडणीची खिडकी उघडते. प्रोव्हायडर निवडून सर्व्हरचे नाव आणि पासवर्ड भरा, ‘टेस्ट कनेक्शन’ दाबा. इथे जमले आणि प्रोग्राममध्ये जमले नाही, तर वाट ठीक आहे. काम झाल्यावर फाइल पुसा, तिच्यात पासवर्ड राहू शकतो. ‘पिंग’ला (मशीन जागी आहे का ते विचारणाऱ्या आज्ञेला) उत्तर आले नाही म्हणून मात्र निष्कर्ष काढू नका, फायरवॉल पिंग अडवूनही डेटाबेस सुरू ठेवू शकते.

दार सापडले, पण उघडत नाही

एरर १८४५६ दिसला तर केबल, राउटर, फायरवॉल यांतले काही तपासू नका, ते सगळे ठीक आहे. सर्व्हरने आपले ऐकले आणि नाव किंवा पासवर्ड नाकारला. काउंटरवर कारण मुद्दाम सांगितले जात नाही. खरे कारण सर्व्हरच्या ‘एररलॉग’ फाइलमध्ये ‘स्टेट’ म्हणून असते: ५ म्हणजे असा युजर नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोजचे लॉगिन घेतो आहे. एरर ४०६० आला तर लॉगिन चालते, पण तो डेटाबेस नाही किंवा त्यात जायची परवानगी नाही. नव्या आर्थिक वर्षाचा डेटाबेस केल्यावर हा हमखास दिसतो.

प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर नवा टाकल्यावर ‘सर्टिफिकेट’बद्दल तक्रार येऊ लागली तर घाबरू नका. ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून जोडणी आपोआप सांकेतिक (एन्क्रिप्टेड) होते आणि सर्व्हरचे स्वतःचेच प्रमाणपत्र त्याला अनोळखी वाटते. दुकानाच्या आतल्या नेटवर्कवर ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ हा पर्याय ‘येस’ करणे पुरते.

जुन्या अ‍ॅक्सेस फाइलीवर चालणाऱ्या ग्राहकांना ‘प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड’ दिसते, तेव्हा बहुधा ३२ आणि ६४ बिटांची गल्लत असते. अशा फाइली उघडणारा जेट ४.० हा प्रोव्हायडर फक्त ३२ बिटांत आहे. ओडीबीसीच्या खिडक्याही विंडोजमध्ये दोन आहेत, आणि ३२ बिटांची ‘सिसवाऊ६४’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. नाव उलटे वाटते, पण तसेच आहे. अ‍ॅक्सेसची फाइल वाय-फायवरून वापरू नका. लिहिताना क्षणभर जोडणी तुटली तरी फाइल बिघडते. तिची मर्यादाही २ जीबीच आहे.

रिपोर्ट येतो, पण आकडे चुकतात

हा भाग स्वतः क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिणाऱ्यांसाठी आहे आणि आमच्या मते सर्वांत जपून वाचण्याचा. जोडणी तुटली तर कळते, चुकीची बेरीज कळत नाही.

तारखेपासून सुरुवात करू. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत दोन हॅशच्या चिन्हांमध्ये ५/४/२०२६ लिहिले तर ते ५ एप्रिल न राहता ४ मे होते, कारण तिथे महिना आधी वाचला जातो. १३/४ मात्र बरोबर वाचले जाते, तेरावा महिना नसतोच. म्हणजे १३ तारखेपासून पुढचा रिपोर्ट बरोबर आणि पहिल्या १२ दिवसांचा चूक, आणि महिनाअखेरीस तपासणाऱ्याला सगळे ठीक वाटते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे लॉगिनच्या भाषेवर ठरते. २०२६०४०५ असे सलग आठ अंक दिले तर भाषा कोणतीही असो, अर्थ एकच राहतो. त्याहून चांगले म्हणजे तारीख पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्वेरीच्या मजकुरात न जोडता वेगळी, पाठवणे.

महिन्याचा रिपोर्ट ‘बिटवीन’ १ आणि ३० एप्रिल असा काढला आणि कॉलममध्ये वेळही असली, तर ३० तारखेची सकाळपासूनची सगळी बिले गळतात. नुसती तारीख म्हणजे त्या दिवशीचे रात्रीचे ००:००. ‘१ एप्रिल किंवा नंतर, आणि १ मेच्या आधी’ असे लिहा.

पार्टीच्या नावात अपॉस्ट्रॉफी आली, इंग्रजीत लिहिलेले ‘डी’सूझा’ म्हणा, की जोडून जोडून लिहिलेली क्वेरी तिथेच तुटते. तोच मार्ग खोडसाळ माणूस टेबल पुसायलाही वापरू शकतो. उपाय पुन्हा पॅरामीटर.

देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली तर कॉलम ‘व्हारकार’ आहे, तो ‘एनव्हारकार’ हवा; आणि क्वेरीत थेट लिहिलेल्या मजकुराच्या अवतरणापूर्वी कॅपिटल ‘एन’ हवा. हे लगेच करा: प्रश्नचिन्हे होऊन साठलेली अक्षरे परत मिळत नाहीत, नावे पुन्हा टंकावी लागतात. कृतिदेव फाँटातली जुनी यादी हा निराळा मामला. ती पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत रोमन अक्षरे असतात, म्हणून युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय शोधात सापडत नाही.

क्वेरी संथ चालून ‘टाइमआउट’ येतो, तेव्हा वेळ वाढवणे हा इलाज नाही. नेहमीच्या डॉटनेट प्रोग्राममध्ये जोडणीला १५ आणि क्वेरीला ३० सेकंद मिळतात, आणि ते पुष्कळ आहेत. अटीत कॉलमवर ‘इयर’सारखे फंक्शन लावले असेल तर इंडेक्सचा (शोध जलद करणाऱ्या सूचीचा) उपयोग होत नाही, तिथे तारखेची सीमा द्या. रोज चालणारी क्वेरी आजच अडली असेल तर कोणीतरी बिल अर्धवट उघडे ठेवून चहाला गेले आहे का ते पाहा. ‘एसपी हू टू’ चालवून ‘बीएलके बाय’ कॉलममध्ये अडवणाऱ्याचा क्रमांक मिळतो. एरर १२०५ आला तर दोन व्यवहार एकमेकांत अडकले होते आणि आपला मागे घेतला गेला. तेवढेच बिल पुन्हा भरा.

बॅकअप

एक्स्प्रेसच्या २००८ आर२ ते २०२२ या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, लॉग फाइल त्यात धरत नाहीत. ८ जीबी झाले की आम्हाला सांगा. एक्स्प्रेसमध्ये वेळापत्रकाची ‘एजंट’ सर्व्हिस नसल्यामुळे आम्ही विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून रोज रात्री बॅकअप लावून देतो. सर्व्हर चालू असताना डेटाबेसची ‘एमडीएफ’ फाइल कॉपी करायचा प्रयत्न करू नका, बॅकअपने बनवलेली ‘बॅक’ फाइलच घ्या. ती त्या मशीनबाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून शेवटच्या दिवसाचे बिल उघडते का ते पाहा.