घरगुती सौर यंत्रणेची हमी

छपरावरच्या सौर यंत्रणेतले पॅनेल, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारे यंत्र), लोखंडी सांगाडा किंवा जोडणीचे काम ठरावीक मुदतीत बिघडले, तर दुरुस्ती, बदली किंवा भरपाई देऊ असे उत्पादकाने आणि यंत्रणा बसवणाऱ्या एजन्सीने दिलेले लेखी वचन म्हणजे ही हमी. बोलण्यात सगळे तिला वॉरंटीच म्हणतात. प्रत्यक्षात तो चार-पाच हम्यांचा जुडगा असतो. प्रत्येकीची मुदत वेगळी, देणारा वेगळा आणि अटीही वेगळ्या. जाहिरातीत मात्र ‘25 वर्षे’ एवढा एकच आकडा ठळक छापतात. घरमालकाला त्या आकड्याचा उपयोग सगळ्यांत कमी होतो. त्याला खरा आधार असतो तो एजन्सीच्या पहिल्या पाच वर्षांच्या सेवेचा, इन्व्हर्टरच्या हमीचा आणि जपून ठेवलेल्या कागदांचा.

घरांच्या छपरांवरील सौर विजेत गुजरात देशातल्या आघाडीच्या राज्यांपैकी आहे. राज्यात 2019 साली ‘सूर्य गुजरात’ योजना आली आणि फेब्रुवारी 2024 पासून केंद्राची ‘पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली. केंद्राच्या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, अशी जास्तीत जास्त 78,000 रुपये सबसिडी मिळते. बडोद्यात (वडोदरा) वीजपुरवठा आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत पाठवलेली वीज मोजणारे मीटर) मध्य गुजरात वीज कंपनीकडे, म्हणजे एमजीव्हीसीएलकडे आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांपासून मांजलपूर-कारेलीबागेतल्या बंगल्यांपर्यंत हा खर्च आता अनेक कुटुंबे करतात. सबसिडीची चौकशी सगळे बारकाईने करतात. हमीचा कागद मात्र बहुतेक वेळा बिघाड झाल्यावरच उघडला जातो.

पॅनेलला दोन हम्या असतात. पहिली वस्तूची. काचेखालच्या थरात हवा शिरणे, मागचे आवरण तडकणे, जंक्शन बॉक्स (मागची वायरजोडणीची डबी) जळणे, चौकटीचा सांधा सुटणे असे कारखान्यातले दोष तिच्यात येतात. तिची मुदत साधारण 10 ते 12 वर्षे. काही उत्पादक त्याहून जास्त देतात. दुसरी हमी वीजनिर्मितीची, आणि जाहिरातीतली 25 वर्षे तिचीच. सूर्यप्रकाशात पॅनेलची क्षमता दरवर्षी थोडीथोडी घटते. ती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घटणार नाही, एवढेच या हमीत म्हटलेले असते. केंद्राच्या निकषानुसार पॅनेलने 10 वर्षांनी किमान 90 टक्के आणि 25 वर्षांनी किमान 80 टक्के क्षमता राखायला हवी. आजचे उत्पादक वर्षागणिक घट लिहून देतात. मोनो पर्क या पॅनेलच्या प्रकारात साधारण पहिल्या वर्षी 2 टक्के आणि पुढे दरवर्षी 0.55 टक्के घट धरतात. त्या हिशेबाने 25 वर्षांनी 84.8 टक्के उरतात. टॉपकॉन या नव्या प्रकारात पहिल्या वर्षी 1 आणि पुढे 0.4 टक्के असा दर बऱ्याच ठिकाणी दिसतो, आणि त्याची मुदतही अनेकदा 30 वर्षे असते.

ही दुसरी हमी वसूल करणे किती अवघड आहे, ते एका पॅनेलच्या हिशेबावरून कळते. 550 वॅटच्या मोनो पर्क पॅनेलने दहाव्या वर्षाच्या शेवटी सुमारे 512 वॅट द्यायला हवेत. मोजणीतली चूक म्हणून बहुतेक करारांत 3 टक्के सूट धरतात, म्हणजे मोजणी साधारण 496 वॅटच्या खाली आल्याशिवाय दावाच उभा राहत नाही. ही मोजणीही छपरावरची चालत नाही. पॅनेल उतरवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत न्यावे लागते. समजा तिथे 480 वॅट भरले आणि दावा मान्य झाला. भरपाई देताना उत्पादक नवे पॅनेल देईलच असे नाही. कमी पडलेल्या वॅटचे पैसे देण्याची मुभा त्याने स्वतःकडे ठेवलेली असते. वॅटला 25 रुपये धरले, तर 32 वॅटचे 800 रुपये होतात. उतरवण्याची मजुरी, वाहतूक आणि तपासणीचा खर्च बहुधा घरमालकाच्याच माथी येतो. एकट्या घराने या हमीवर फार विसंबून राहू नये. मोठ्या सौर प्रकल्पांना, जिथे हजारो पॅनेलचा दावा एकदम करता येतो, तिथे तिला खरे वजन आहे.

उन्हाळ्यातली घट हा आणखी एक गैरसमज. पॅनेलवरचे वॅट प्रयोगशाळेतल्या स्थितीतले असतात: चौरस मीटरला 1,000 वॅट प्रकाश आणि सेलचे (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचे) तापमान 25 अंश. बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी छपरावरचे सेल 65 अंशांपर्यंत तापू शकतात. मोनो पर्कची क्षमता दर अंशाला सुमारे 0.35 टक्क्यांनी उतरते, म्हणजे 40 अंशांच्या फरकाने 14 टक्के गेले. सहा पॅनेलची 3.3 किलोवॅटची यंत्रणा भर दुपारी मोबाइलच्या ॲपवर 2.8 दाखवते, तेव्हा पॅनेल निकृष्ट दिले असा संशय येतो. पण ते नियमानुसारच चालत असते. धूळ, शेजारच्या टाकीची सावली आणि पावसाळ्यातले ढगाळ दिवस यांनी होणारी घटही हमीत येत नाही. संशय खरा की खोटा हे पाहायचे, तर त्याच भागातल्या तेवढ्याच क्षमतेच्या दुसऱ्या घराचे महिन्याचे युनिट आपल्या युनिटशी ताडून पाहावेत. वर्षाची सरासरी काढली, तर एका किलोवॅटला दिवसाला 4 युनिटच्या आसपास वीज मिळायला हवी.

यंत्रणेत सगळ्यांत आधी बिघडण्याची शक्यता इन्व्हर्टरची असते, आणि त्याची हमी पॅनेलपेक्षा बरीच आखूड असते. ती साधारण 5 ते 10 वर्षांची. काही कंपन्या जादा पैसे घेऊन ती वाढवून देतात. 25 वर्षांच्या यंत्रणेत निदान एकदा तरी इन्व्हर्टर बदलावा लागेल, हे खर्चात आधीच धरून ठेवलेले बरे. विजेचा दाब वाढल्यामुळे इन्व्हर्टर मध्येच बंद पडतो तेव्हा तो हमीतला दोष नसतो. इन्व्हर्टर स्वतःला वाचवत असतो, आणि तक्रार एमजीव्हीसीएलकडे करावी लागते.

इन्व्हर्टर कुठे टांगला आहे, याला बडोद्यात विशेष महत्त्व आहे. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून सुमारे 35 फूट गाठले आणि अनेक वस्त्यांत तळमजले पाण्याखाली गेले. घरगुती इन्व्हर्टरवर आयपी 65 असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ आत धूळ जाणार नाही आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव होईल, इतकाच. बुडालेल्या इन्व्हर्टरला तो लागू नाही, आणि पूर हे कारण जवळजवळ प्रत्येक हमीत वगळलेले असते. नदीकाठच्या किंवा सखल भागातल्या घरी तो मीटरशेजारी खाली न लावता जिन्यात वरच्या मजल्यावर लावून घ्यावा. वायर थोडी जास्त लागते, पण पुराच्या दिवसांत तेवढ्यावरच सगळे अवलंबून असते. पूर, वीज पडणे, वादळ यांचे नुकसान विम्यातून भरून निघते. 1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांनी द्यायच्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत सौर पॅनेलही घराच्या बांधकामात धरली आहेत. मात्र विम्याची रक्कम ठरवताना त्यांची किंमत मिळवलेली असावी.

हमीतून वगळलेल्या गोष्टींत माणसांनी केलेले नुकसानही येते. उत्तरायणात, 14 आणि 15 जानेवारीला, सगळे शहर गच्चीवर असते. पतंग काढायला एखादा मुलगा पॅनेलवर पाय देतो. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि त्या वर्षभरात वाढत जातात. वानरांच्या उड्यांचाही तोच परिणाम. बोअरच्या खाऱ्या पाण्याने भर उन्हात पॅनेल धुतले, तर क्षारांचा पांढरा थर बसतो; खरखरीत ब्रशने काचेवरचा लेप जातो. यातले काहीच उत्पादक मान्य करत नाही. सांगाड्याचे जस्त निघून वेल्डिंगपाशी गंज धरला, तर तो एजन्सीच्या कामाचा दोष ठरतो. त्याची मुदत बहुधा 5 वर्षांची असते, म्हणून दर पावसाळ्यानंतर सांधे आणि बोल्ट जवळून बघावेत.

केंद्राच्या योजनेत बसवणाऱ्या एजन्सीवर 5 वर्षे विनामूल्य देखभालीची जबाबदारी आहे. ही सेवा कसून वसूल करावी. पॅनेल धुणे सहसा तिच्यात येत नाही, पण अर्थिंग तपासणे, सैल जोडण्या घट्ट करणे आणि बंद पडलेल्या इन्व्हर्टरचा दावा कंपनीकडे लावणे हे तिचेच काम. तक्रार तोंडी किंवा फोनवर न ठेवता ईमेलवर किंवा लेखी द्यावी, म्हणजे मुदत कधी संपली हा वादच उरत नाही.

आता कागद. हमी कोणत्या दिवशी सुरू होते, हे आधी पाहावे. काही उत्पादक ती यंत्रणा चालू झाल्यापासून न मोजता माल कारखान्यातून निघाल्यापासून मोजतात. गोदामात पडून राहिलेल्या पॅनेलचे काही महिने घरी येण्याआधीच गेलेले असतात. जीएसटी बिलावर प्रत्येक पॅनेलचा आणि इन्व्हर्टरचा सीरियल नंबर असावा. पॅनेल सांगाड्यावर चढण्याआधीच मागच्या लेबलचे फोटो काढून घ्यावेत; नंतर खाली वाकून ते दिसत नाहीत. जुन्या वाड्यांत लाइट बिल अनेकदा आजोबांच्या नावावर असते, पैसे मुलाने दिलेले असतात आणि बिल सुनेच्या नावावर निघते. सबसिडीसाठी अर्जदार आणि वीजजोडणीचे नाव जुळवून घ्यावेच लागते. तेव्हाच बिल आणि हमीपत्रही त्याच नावावर करून घ्यावे. वाडा पाडून तिथे फ्लॅट उभे राहतात तेव्हा पॅनेल दुसऱ्या जागी हलवली जातात, आणि बहुतेक हम्या तिथेच संपतात. घर विकले तर हमी नव्या मालकाला मिळते का, हे कंपनीगणिक बदलते, आणि मिळाली तरी कंपनीला लेखी कळवावे लागते. इन्व्हर्टरच्या ॲपचा मुख्य लॉगिन एजन्सीकडे न ठेवता स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्यावा. एजन्सी बंद पडली की वर्षांची नोंद तिच्याबरोबर जाते, आणि दाव्यात पहिला पुरावा म्हणून तीच मागतात.

कंपनी टिकली तरच हमी टिकते. एकेकाळी जगातली सर्वांत मोठी पॅनेल-उत्पादक असलेली चीनची सनटेक 2013 मध्ये दिवाळखोरीत गेली. भारतात सीडी आणि सौर पॅनेल दोन्ही बनवणारी मोझर बेअर 2018 मध्ये अवसायनात (मालमत्ता विकून कंपनी बंद करण्याच्या प्रक्रियेत) निघाली. म्हणून काही उत्पादक आपल्या हमीचा विमा तिसऱ्या कंपनीकडे उतरवतात. घेताना त्याची चौकशी करायला हरकत नाही.

दावा नाकारला गेला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे: करारात लिहिलेले किंवा विक्रेत्याने सांगितलेले प्रमाण वस्तूने गाठले नाही, तरी तो दोष ठरतो. म्हणून माहितीपत्रक आणि एजन्सीचे व्हॉट्सॲपवरचे कोटेशनही जपून ठेवावे. याच कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कारखाना कुठेही असला तरी बडोद्याच्या घरमालकाला बाहेरगावी जावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. यंत्रणेसाठी दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि बहुतेक घरगुती यंत्रणा या मर्यादेत बसतात.