रजिस्टरातले पेशंट आणि अभ्यासात येणारे पेशंट

मिरजेला दवाखान्यांची गर्दी नवी नाही. 1894 साली विल्यम वॉन्लेस यांचं रुग्णालय उभं राहिलं, 1962 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. सांगली जिल्ह्यातल्या पेशंटांबरोबर अथणी, कागवाडकडचे लोकही इथेच येतात. त्यामुळे वैद्यकीय प्रबंधाचा आधी द्यायचा आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, लिहिताना ‘पेशंटला काय तोटा!’ हे वाक्य सहज तोंडातून निघतं.

हा भ्रम जगभर जुना आहे. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ लुई लसान्या यांच्या नावाने एक चिमटा प्रसिद्ध आहे: औषधाची चाचणी सुरू झाली की पेशंट गायब होतात, संपली की परत येतात. संख्याशास्त्रज्ञ ह्यूगो म्युंच तर सांगत, अभ्यासासाठी कबूल केलेल्या पेशंटांच्या आकड्याला निदान 10 ने भागा. त्याआधी 1946 मध्ये जोसेफ बर्कसन यांनी वेगळाच धोका दाखवला होता: दवाखान्यात पोचलेली माणसं गावातल्या सगळ्या आजाऱ्यांचा नमुना नसतात. म्हणजे संख्या भरली तरी निष्कर्ष गावाला लागू होईलच असं नाही.

आपल्याकडे ‘फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर’ हे सूत्र प्रबंधांत मुरलं (पी म्हणजे आजाराचं अपेक्षित टक्केवारी प्रमाण, क्यू म्हणजे 100 वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक). ते किती माणसं लागतील एवढंच सांगतं. किती मिळतील, याचं उत्तर केसपेपरच्या खिडकीशी आणि रेकॉर्ड रूममध्ये असतं.

मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याचा अभ्यास घ्या (पेशंटांचे आकडे समजण्यापुरते). पडदा बिघडलेल्यांचं प्रमाण 20 टक्के, चूक 5 टक्के धरली तर 256 जण लागतात. रजिस्टरात वर्षाच्या 1,800 नोंदी दिसतात आणि जीव भांड्यात पडतो. पण गोळ्यांसाठी तोच माणूस दरमहा येतो. नावं, वय, गाव जुळवून दुबार नोंदी काढल्या की माणसं उरतात 450. निकषांत बसणारी 340. बाहुली मोठी करणारे थेंब टाकले की काही तास धूसर दिसतं. एकटा मोटरसायकलवर आलेला किंवा दुपारची एसटी गाठायची असलेला माणूस नको म्हणतो. निम्म्यांनी होकार दिला तरी 170.

मग मुदत दीड वर्ष करायची सूचना येते. 170 ची दीडपट 255, झालंच की! इथेच फसगत होते. जुनाट आजाराचा साठा पहिल्या वर्षातच संपतो. पुढच्या सहा महिन्यांत भर पडते ती फक्त नव्या निदानांची. दीडपट हा हिशेब साप चावल्यासारख्या तात्कालिक प्रसंगांना, तोही ऋतू सांभाळून, चालतो. मधुमेहाला चूक 7 टक्क्यांपर्यंत नेणं (131 जण) किंवा दुसरं केंद्र जोडणं जास्त प्रामाणिक.

पूर्वी असा घोळ प्रबंधाच्या कपाटात दडून राहायचा. 20 जुलै 2007 ला भारताची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांची सर्वांना बघता येणारी नोंदवही, सुरू झाली. 1 एप्रिल 2018 पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते, त्यामुळे ठरवलेला आकडा आधीच सर्वांसमोर असतो.

म्हणून अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी दोन आठवडे नुसती मोजदाद करावी: आले किती, निकषांत किती, नको म्हणाले असते किती आणि का. हे दोन आठवडे दिवाळीचे किंवा पुराचे नसावेत.

फॉलोअप असेल तर ऊसतोडणीचा हंगाम बघा. टोळ्या गाळप संपताच बीडकडे परततात, सहा महिन्यांची तपासणी राहून जाते. संपर्कासाठी मुकादमाचा नंबर घेऊ नये. आजाराची बातमी टोळीभर होते. पेशंटला विचारून गावाकडच्या घरच्या माणसाचा घ्यावा.