नृत्यपट आणि कोल्हापूरची नृत्यस्मृती

नृत्यपट : नाचणाऱ्या देहाइतकाच कॅमेरा आणि संकलन ज्यात नाचाची रचना करतात, असा चित्रपटप्रकार. रंगमंचावरचा कार्यक्रम समोरून टिपला की नृत्यपट होत नाही. ते नुसते चित्रीकरण. अमेरिकी चित्रपटकर्त्या माया डेरेन यांच्या १९४५ च्या मूक लघुपटात नर्तकाने रानात उचललेला पाय थेट घरातल्या खोलीत टेकतो. स्थळकाळ असा सांधता येतो म्हणूनच वाडवडिलांच्या खुणा शोधणारे नर्तक या माध्यमाकडे वळतात : आजीने सुरू केलेली गिरकी पडद्यावर नात पुरी करू शकते. भारतात नर्तक उदय शंकर यांचा ‘कल्पना’ (१९४८) हा या वाटेवरचा मोठा प्रयत्न.

कोल्हापुरात कॅमेरा फार लवकर आला. मिस्त्रीकाम करणाऱ्या घराण्यातल्या बाबूराव पेंटर यांनी तो स्वतः घडवला आणि ‘सैरंध्री’ (१९२०) काढला. १९२९ मध्ये इथेच प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. पण पेंटरांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत, आणि गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही सापडला. जपून ठेवण्यासाठी केलेली रिळे गेली. ज्याची कुणी नोंद ठेवली नाही तो नाच मात्र गावोगाव टिकला.

तमाशापटांना, अगदी अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’लाही (१९५९), काटेकोरपणे नृत्यपट म्हणता येणार नाही. त्यांत कॅमेरा बहुधा प्रेक्षकाच्या जागी बसतो आणि लावणी संपेपर्यंत कथा खोळंबते. तरी त्यांचा स्मृतीवरचा ताबा जबर आहे. लावणी म्हटले की अनेकांना पडद्यावरचीच आठवते. बसून, नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी अदा करायची बैठकीची लावणी त्या आठवणीत क्वचितच असते.

नृत्यपटाला खरा ऐवज मिळतो तो हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला. दिवाळीच्या आधी भरणाऱ्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत ढोल घुमतात, छत्र्या फिरतात, भंडाऱ्याबरोबर खोबरे आणि लोकरही उधळली जाते. देवाचे मानकरी फरांडेबाबा तलवार घेऊन हेडाम हा विधिनाच खेळतात आणि मग भाकणूक, म्हणजे भविष्य, सांगतात. भाकणुकीत येत्या वर्षाचा पाऊसपाणी असतो; म्हणजे इथली स्मृती केवळ मागे पाहत नाही. धनगरी गजनृत्यात घोळदार पांढरे झगे घातलेले गडी रुमाल झटकत रिंगण धरतात. कॅमेरा रिंगणाबाहेर ठेवला तर पाठी आणि झग्यांचा घेर दिसतो. आत शिरला तर एकाच ठेक्यावर म्हातारा किती कमी हलतो आणि पोरगा किती जास्त, हे कळते. शिकवणी कशी चालते ते या फरकातच दिसते. निवेदन घालायची गरज उरत नाही. हवेतल्या भंडाऱ्याने फोकस सुटतो, ढोलाने आवाज फाटतो, हा भाग वेगळा.

सगळाच वारसा मिरवण्याजोगा नसतो. यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींचा नाच हा वाहून घेतलेल्या, पुष्कळदा लहानपणीच वाहिल्या गेलेल्या आयुष्यांचा नाच आहे. तिथे नुसती रंगीत दृश्ये जमवणारा नृत्यपट उथळ ठरतो. चौंडके वाजत असते, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवी बसवलेली टोपली, असतो, हात मोकळे. सगळा तोल मानेवर येतो. कॅमेरा त्या मानेशी थांबला, की मळवटाखालून ओघळणारा घाम दिसतो.