मुलांचा सू आणि चीनमधली बाळं

लहान मुलांनी खाऊचे पैसे साठवून दूरदेशीच्या मुलांना पाठवायचे, या कल्पनेला ‘पवित्र बालपण’ या कॅथलिक संस्थेचं रूप मिळालं ते १८४३ साली फ्रान्समध्ये. नांसीचे बिशप शार्ल द फोर्बां-जान्सों यांना स्वतः चीनला जायचं होतं. ते कधी जमलं नाही. तिकडच्या मिशनऱ्यांची पत्रं मात्र येत. टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांबद्दल त्यांत लिहिलेलं असे. ल्यों शहरातल्या पोलीन जारिको यांच्याशी बोलून बिशपांनी मार्ग काढला. पोलीनबाईंनी आधीच, १८२२ साली, कामगारांकडून आठवड्याला एक सू (पाच सांतीमचं छोटं फ्रेंच नाणं) गोळा करून मिशनकार्याला मदत उभी केली होती. तोच हिशेब मुलांना लावला: महिन्याला एक सू आणि रोज एकदा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना. गट बारा-बारा मुलांचे, कारण येशूचं बालपण बारा वर्षांचं धरलेलं. पुढच्याच वर्षी बिशप वारले, पण संस्था पसरत गेली. जर्मनीत १८४६ साली आखनच्या ऑगुस्टे फोन झार्टोरिउस या किशोरवयीन मुलीने पुढाकार घेऊन हे काम सुरू केलं. पुढे ती धर्मभगिनी झाली.

मुलांची कळकळ खरी होती, यात मला शंका नाही. पण पैसे कुठे जायचे, कशासाठी जायचे, हे मोठी माणसं ठरवत, आणि त्यांच्या लेखी मरणाऱ्या बाळाचा बाप्तिस्मा जगणाऱ्याच्या दुधाइतकाच, कधी त्याहून महत्त्वाचा होता. चीनमधल्या तिआनजिनला याची फळं भोगावी लागली. तिथल्या फ्रेंच धर्मभगिनी अनाथाश्रम चालवत आणि मूल आणून देणाऱ्याला थोडे पैसे देत. आणलेली मुलं बहुधा आजारी असत, बरीच दगावत. ‘या बायका मुलांचे डोळे नि काळीज काढून औषधं करतात’, अशी आवई उठली. २१ जून १८७० रोजी जमाव चालून गेला. मारल्या गेलेल्यांत दहा धर्मभगिनी होत्या, शिवाय अनेक चिनी ख्रिस्ती. अफवा धादांत खोटी होती. पण पैसे देऊन मुलं घेण्याची पद्धत नसती, तर ती इतकी सहज पटली असती का?

तरीही चाकोरी सुटली नाही. १९२२ साली पोपनी संस्थेला आपल्या छत्राखाली घेतलं. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वर्गावर्गांतून वर्गणी काढून परदेशी बाळ ‘दत्तक’ घेतलं जाई. बाळाचं ख्रिस्ती नाव वर्गच निवडे आणि तसं प्रमाणपत्रही मिळे.

वळण आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ऑस्ट्रियात १९५४-५५च्या सुमारास आणि जर्मनीत १९५९पासून, तीन राजांच्या सणाला (बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा हा सण, ६ जानेवारीचा) दारोदार गाणी म्हणत फिरायच्या जुन्या चालीला मदतफेरीचं रूप दिलं गेलं. मुकुट घातलेली पोरं दाराच्या चौकटीवर खडूने नवं साल आणि सी, एम, बी ही अक्षरं (‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’ या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं) लिहितात, मग डबा पुढे करतात. (आपल्या गोव्यात कासावलीलाही या सणाला मुलगे राजे होतात, पण ते घोड्यावरून चॅपेलकडे जातात, डबा नसतो.) जर्मनीत आजवर जमलेली रक्कम एक अब्ज युरोंच्या वर गेली आहे. ती शाळा, दवाखाने, बालमजुरीविरुद्धचं काम यांवर खर्च होते आणि मुलाचा धर्म विचारला जात नाही.

तरी वाद संपलेले नाहीत. तिघांतला एक राजा आफ्रिकी मानला जाई, म्हणून त्या ‘राजा’च्या चेहऱ्याला काळा रंग लावायची प्रथा होती. आता ती सोडून द्या, असं ऑगुस्टेच्या कामातून वाढलेली आणि आज जर्मनीत ही फेरी चालवणारी आखनची संस्थाच सांगते. काही गावांना ते अजून पचलेलं नाही.